मेघदूतातील मेघ आणि आजचा पाऊस

आषाढाच्या कोणत्या दिवशी यक्षाला मेघ दिसला, या प्रश्नावर ‘मेघदूता’च्या टीकाकारांत जुना वाद आहे. प्रचलित पाठ ‘प्रथमदिवसे’ असा असून मल्लिनाथाने तोच ग्राह्य धरला आहे. दहाव्या शतकातील काश्मिरी टीकाकार वल्लभदेव मात्र ‘प्रशमदिवसे’ असा पाठ घेतो; म्हणजे त्याच्या मते मेघ दिसला तो आषाढाच्या अखेरीस. श्रावण जवळ आला असे कवी लगेच पुढे म्हणतो, तेव्हा दिवस आषाढाचा शेवटचाच असला पाहिजे, असे या पक्षाचे म्हणणे. उलट पक्षाचे म्हणणे असे की, आषाढामागून श्रावणच यावयाचा. मग तो जवळ आला असे म्हणण्यास महिना सरण्याची वाट कशाला पाहावयाची? त्यातच यक्षाने शापाची मुदत सांगितली आहे ती चार महिन्यांची, आणि ती संपावयाची विष्णू शेषशय्येवरून उठेल त्या दिवशी, म्हणजे कार्तिकी एकादशीस. मल्लिनाथाचा पाठ घेतला तर या चार महिन्यांवर दहाएक दिवस जास्त भरतात. दुसरा पाठ घेतला तर कमी पडतात.

वरवर पाहता हा पंडितांचा काथ्याकूट वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाही. ढग महिन्याच्या आरंभी आला की अखेरीस, यावर ज्या समाजातील विद्वान पिढ्यान्‌पिढ्या वाद घालतात, त्या समाजाचा ढगाच्या वेळेवर केवढा विश्वास असला पाहिजे! आणि हा हिशेब तरी कशाचा? आपण देवळांतून आजही पाळतो त्या चातुर्मासाचा. देव झोपतो तेव्हा मेघ येतो, देव उठतो तेव्हा तो गेलेला असतो, आणि या दोन एकादश्यांच्या मध्ये पेरणी, लावणी, निंदणी व पिकाचे भरणे असा सारा संसार बसविलेला असतो. मेघाच्या या नेमावर जो विश्वास आहे तोच ‘मेघदूता’चा पाया आहे, असे आमचे मत आहे, आणि आज हादरला आहे तो नेमका हाच पाया. म्हणून या काव्याचे वाचन आज नव्याने करणे अवश्य झाले आहे.

आम्ही हे लिहीत आहोत ते परसवाड्याहून. कोंकण-गोव्याकडील वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानांवर हे नाव गेले असेल. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, घाट चढून वर गेल्यावर लागणाऱ्या पठारावर, बैहरच्या शेजारचे हे तहसिलीचे गाव. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला व सिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून बनविण्यात आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर-भंडारा एकीकडे गेले आणि आम्ही दुसरीकडे राहिलो. पण वैनगंगेने ती सीमा कधी मानली नाही. भोवताली गोंड व बैगा यांची वस्ती, साल-सागाची राने आणि सखल भागात भाताची खाचरे. जिल्ह्याचे काही पाणी बंजर नदीतून नर्मदेला आणि पुढे पश्चिम समुद्राला मिळते, तर काही वैनगंगेतून प्राणहिता-गोदावरीमार्गे पूर्व समुद्राला. एकाच जिल्ह्यावर पडलेल्या पावसाचे दोन थेंब दोन समुद्रांस जातात!

‘मेघदूता’शी या प्रदेशाचे नाते दूरचे नाही. यक्षाचा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, हे मत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी साधार मांडले. काहींच्या मते तो सरगुजातील रामगढ. तथापि वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या ऋद्धपूर ताम्रपटात रामगिरिस्वामीचा जो उल्लेख येतो, तो पाहता मिराशींचा पक्ष आम्हांस बळकट वाटतो. मिराशी मूळचे रत्नागिरीकडचे. कोंकणच्या एका पुत्राने विदर्भात येऊन कालिदासाच्या मेघाचे ठाणे निश्चित करावे, हा योगायोग या द्वैभाषिक मासिकाच्या वाचकांस रुचेल. वाकाटकांचे ताम्रपट बालाघाट जिल्ह्यातही सापडले आहेत. तिरोडीचा दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट त्यांपैकीच. रामटेकहून मेघाला ज्या आम्रकूटाकडे जावयाचे आहे, ते अमरकंटक होय असे सामान्यतः मानतात. कवीने वाट थोडी वळणाची सांगितली असली तरी नकाशावर रामटेक व अमरकंटक यांस जोडणारी सरळ रेषा ओढली, तर ती बालाघाट जिल्ह्यातूनच जाते. सारांश, कालिदासाचा मेघ आमच्या डोक्यावरून नव्हे तर निदान आमच्या शिवेवरून गेला, असे म्हणण्यास हरकत नसावी.

मराठीत या काव्याची उपेक्षा झालेली नाही. चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बा. भ. बोरकर, शान्ता शेळके अशा समर्थ लेखण्यांनी त्याचे अनुवाद केले. बोरकर तर मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांचे कवी. पावसाचे वेड हा त्यांचा स्वभावच होता. मात्र ‘मेघदूता’वरील आपली रसिक चर्चा बहुधा दोनच वाटांनी चालत आली. एक वाट विरहाची, दुसरी भूगोलाची. यक्षाची व्याकुळता किती कोमल, अलकेतील त्या एकाकिनीचे चित्र किती करुण, हे पहिल्या वाटेने सांगितले. कोणता पर्वत कोठे, कोणती नदी कोणती, हे दुसऱ्या वाटेने. दोन्ही वाटा रम्य आहेत. पण जो निरोप घेऊन जातो त्या मेघाच्या शीलाचा विचार या दोहोंत मागे पडला. दूताची निवड करताना त्याचे शील पाहावे, असे आपली नीतिशास्त्रे सांगतात. मग यक्षाने मेघात काय पाहिले?

काव्याकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते. हा मेघ दुबळा नाही. पुष्कर आणि आवर्तक यांच्या वंशात त्याचा जन्म, असे यक्ष आरंभीच सांगतो. आणि परंपरा या मेघांचे नाते प्रलयाशी जोडते. म्हणजे ज्याच्या हाती यक्ष आपल्या प्रियेचा प्राण सोपवितो, तो विनाशकाच्या कुळातला आहे. त्याच्यापाशी वीज आहे, गारा आहेत, सहस्रधारांचा वर्षाव आहे. असे असूनही वाटेवरील प्रत्येक प्रसंगी तो आपली शक्ती मापून खर्च करतो. आम्रकूटावरील वणवा तो विझवितो आणि त्या उपकाराने पर्वत त्याला माथ्यावर घेतो. उज्जयिनीत त्याने संध्याकाळपर्यंत थांबावे आणि महाकालाच्या सायंपूजेत आपल्या गर्जनेने नगाऱ्याचे काम करावे, अशी यक्षाची विनंती आहे. म्हणजे ज्या गडगडाटाने छाती दडपावी, तो देवळात सेवेला लागतो. त्याच नगरीत रात्रीच्या अंधारात प्रियकराकडे निघालेल्या स्त्रियांस त्याने विजेची बारीक सोनेरी रेघ दाखवून वाट उजळावी, पण गर्जू नये, बरसू नये. त्या भित्र्या आहेत. हिमालयात चवताळून अंगावर येणाऱ्या शरभांवर गारा सोडण्यासही त्याला सांगितले आहे, तेही त्यांनी आगळीक केली तरच.

या साऱ्याला एक शब्द आहे: मर्यादा. शक्ती अमर्याद, पण तिचा व्यय मर्यादशील. ‘मेघदूत’ हे आमच्या मते विरहाचे जेवढे काव्य आहे तेवढेच मेघाच्या मर्यादेचेही आहे. ही मर्यादा गृहीत धरली म्हणूनच यक्ष त्याच्याशी बोलू शकतो. रामगिरी सोडताच मेघ जेथे प्रथम पोचतो, त्या नुकत्याच नांगरलेल्या माळभूमीवर साध्या खेड्यांतील स्त्रिया त्याच्याकडे प्रेमाने भरलेल्या डोळ्यांनी पाहतात, कारण शेतीचे फळ त्याच्या स्वाधीन आहे हे त्या जाणतात. भुवयांचे विलास त्यांना ठाऊक नाहीत, असे कवी कौतुकाने म्हणतो. त्यांची नजर विश्वासाची नजर आहे. आमच्या मते सबंध पूर्वमेघातील सर्वांत मोलाची नजर हीच. आणि टीकाकारांनी तिच्यापाशी सर्वांत कमी वेळ घालविला आहे.

ती नजर आज काय पाहते?

या बाबतीत आपल्या देशातील शास्त्रज्ञांनी जे शोधले आहे, ते नेमके मध्य भारताविषयीच आहे, हे सामान्य वाचकास ठाऊक नसते. २००६ मध्ये भूपेंद्रनाथ गोस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून पन्नास वर्षांच्या पावसाच्या नोंदी तपासून दाखविले की, मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग वाढले, मध्यम पावसाचे प्रसंग घटले आणि दोहोंची बेरीज मात्र जवळजवळ पूर्वीइतकीच राहिली. या शोधातील मर्म शेवटच्या वाक्यात आहे. सरासरी पाहणाऱ्यास काहीच बदललेले दिसत नाही! पोथीत पावसाची रक्कम तीच, पण ती देण्याची रीत पालटली. जो सावकार महिन्याकाठी थोडे थोडे देई, तो आता दोन महिने हात आखडतो आणि एके रात्री थैली डोक्यावर ओततो. पुढे २०१७ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळाचा विचार करून सांगितले की, गुजरातेपासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारतीय पट्ट्यात, विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले आहेत. आणि यासाठी लागणारे जादा बाष्प मुख्यतः कोठून येते? अरबी समुद्रावरून.

कोंकण-गोव्याच्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. परसवाड्याचे दुःख ही दूरच्या अरण्यातील वार्ता नव्हे. जो दर्या आपल्या अंगणापुढे गाजतो, त्याच्याच तापलेल्या पाठीवरून हे बाष्प उठते. त्याच समुद्रात २००१ ते २०१९ या काळात चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या मानाने सुमारे निम्म्याने वाढल्याचे नोंदले गेले आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने रायगडच्या सुपारीच्या व नारळाच्या बागा झोपविल्या. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ गोव्यास व कोंकणास झोडपून गुजरातेस गेले. त्याच वर्षीच्या जुलैत महाडजवळचे तळिये डोंगराखाली गेले आणि चिपळूण पाण्यात बुडाले. किनाऱ्याला जो तडाखा देतो आणि पठारावर जो कोसळतो, तो मेघ एकाच घरचा आहे.

भाताच्या खाचरात या बदलाचा अर्थ अगदी साधा आहे. रोपे तयार होऊन उभी राहतात आणि चिखलणीपुरते पाणी मिळत नाही. रोपांचे वय उलटते. मग एका रात्रीत बांध फोडून जाणारा पाऊस येतो, आणि लावलेली रोपे गाळाखाली जातात. या जिल्ह्यातील सुवासिक चिन्नोर तांदळास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनात माती आली, हवा आली, पाणी आले. पण तेथील पाऊसच जर आपला स्वभाव बदलू लागला, तर त्या नावातील स्थळाला अर्थ काय उरेल? ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात धो धो पाऊस झाला. सिवनीकडील संजय सरोवर धरणातून पाणी सोडावे लागले, बालाघाटाच्या काठची गावे वेढली गेली, आणि खाली गोसेखुर्दचे तेहतीसही दरवाजे उघडल्यावर भंडारा ते गडचिरोलीपर्यंत महापूर पसरला. तेव्हा पीक पोटऱ्यांत यावयाचे दिवस होते.

आणि वीज? कालिदासाच्या मेघाने जी रेघ वाट दाखविण्यासाठी ओढली, तीच आज आपल्या देशात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे मारते, आणि अशा मृत्यूंत मध्य प्रदेश अग्रभागी असतो. मरणारी माणसे बहुतेक उघड्या शेतात राबणारी, गुरे राखणारी, किंवा पावसात झाडाखाली आसऱ्याला उभी राहिलेली असतात. हवा तापली म्हणजे गडगडाटी ढगांस अधिक बळ मिळते, असे शास्त्र सांगते. ‘मेघदूता’तील त्या भित्र्या स्त्रियांसाठी यक्षाने मेघाची मनधरणी केली. लावणीला वाकलेल्या बाईसाठी मनधरणी कोणी करावयाची?

आता कारणाकडे वळू. येथेही कालिदासाचे स्मरण होते, आणि चकित व्हावयास होते. मेघ म्हणजे काय, हे सांगताना कवीने चार घटक मोजले आहेत: धूम, ज्योती, सलिल आणि मरुत्. धूर, तेज म्हणजे उष्णता, पाणी व वारा यांचा तो मेळ. अशा अचेतन वस्तूस निरोप सांगणारा यक्ष भ्रमिष्टच, असे कवीच बजावतो. टीकाकारांनी या चौकडीकडे चेतन-अचेतनाच्या चमत्कृतीसाठी पाहिले. आज ती शब्दशः वाचण्यासारखी आहे. कवीला आधुनिक शास्त्र ठाऊक होते, असा पोकळ अभिमान आम्हांस मिरवावयाचा नाही. ते त्याला ठाऊक नव्हते, आणि त्यामुळे त्याची थोरवी तिळमात्र उणी होत नाही. परंतु त्याने मोजलेल्या चार घटकांपैकी पहिल्या दोहोंत मनुष्याने हात घातला आहे, आणि उरलेले दोन त्यामुळे बिघडले आहेत, एवढे खरे.

कोळसा, खनिज तेल व वायू जाळून आपण जो वायू हवेत सोडला, त्याने कर्बद्विप्राणिदाचे प्रमाण दशलक्षात सुमारे २८० भागांवरून ४२० भागांच्या वर नेले. त्यामुळे पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने एक अंशाहून अधिक चढले. २०२४ हे वर्ष तर दीड अंशाच्या रेषेपलीकडे गेले. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे तीच हवा अधिक काळ पाणी धरून ठेवते, जमिनीतूनही अधिक शोषून घेते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. ताण आणि पूर ही दोन्ही एकाच कारणाची लेकरे आहेत. धुराचा दुसराही प्रकार आहे: काजळी व गंधकाचे सूक्ष्म कण. हे सूर्याचा ताप अडवून मोसमी वाऱ्यास काही अंशी दुबळे करतात. म्हणजे एक धूर मेघाला उन्मत्त करतो, तर दुसरा त्याला पांगळा करतो.

रामटेकच्या नैऋत्येस कोराडी आणि खापरखेडा येथील वीजकेंद्रांची धुराडी आहेत. ज्या रामगिरीवरून मेघ निघाला, त्याच्या पायथ्यापासून फार लांब नसलेल्या त्या धुराचा लेखाजोखा आम्ही कोणा एकावर बोट ठेवण्यासाठी काढीत नाही. त्या विजेचे दिवे आमच्या घरांत लागतात, आणि देवळांतील रोषणाईही तशाच कोळशावर चालते. गीतेने यज्ञापासून पर्जन्य होतो असे सांगितले. आपणही गेली दीडशे-दोनशे वर्षे एक अखंड यज्ञ मांडला आहे. त्याचा धूर वर जातो आणि त्याचे फळही पर्जन्यातच मिळते. दोष यज्ञाचा नसून संकल्पाचा आहे, असे फार तर म्हणता येईल.

येथे आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात दोन आक्षेप उभे राहतील, आणि त्यांचा आदराने विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा: पूर, वादळे, दुष्काळ पूर्वीही होते. दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण लोकांनी शतकानुशतके जपली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मध्य प्रांतानेच दोन भयंकर दुष्काळ सोसले. मग आजच्याच आपत्तींचे खापर या नव्या कारणावर का? आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. कोणताही एक पूर केवळ हवामानबदलाने आला असे कोणी जाणता म्हणत नाही. धरणे, तोडलेली राने, नदीच्या पात्रात घुसलेली घरे यांचाही वाटा असतो. शास्त्र म्हणते ते एवढेच की, फासे आता सरळ राहिलेले नाहीत. ३० जुलै २०२४ रोजी केरळातील वायनाड येथे डोंगर कोसळून शेकडो माणसे गेली. त्या पावसाचा अभ्यास करणाऱ्यांनी सांगितले की, तापलेल्या हवेमुळे तो सुमारे दहा टक्क्यांनी अधिक जोराचा झाला होता. डोंगर पूर्वीही ढासळत; पण काठावर उभ्या असलेल्यास दहा टक्क्यांचा धक्का पुरतो.

कोणी पंचांगाकडे बोट दाखवील, की ऋतू तर आपोआपही सरकतात. हेही खरे. अयनचलनामुळे आपले निरयन पंचांग ऋतूंच्या मानाने सुमारे सत्तर-बाहत्तर वर्षांत एक दिवस पुढे जाते. कालिदासाच्या काळचा आषाढ ऋतुमानाने आजच्याहून सुमारे तीन आठवडे आधी येत असे. परंतु ही सरक सोळाशे वर्षांची आहे, आणि तिचे गणित ज्योतिषी मांडू शकतो. मध्य भारताच्या पावसाने जे रूप पालटले, ते एका माणसाच्या हयातीत. मृगापासून स्वातीपर्यंतची पर्जन्यनक्षत्रे आणि त्यांची वाहने हा अनेक पिढ्यांच्या निरीक्षणाचा ठेवा आहे. आम्ही त्याची थट्टा करणार नाही. पण बेडूक वाहन आहे म्हणून निश्चिंत राहणारा आणि वेधशाळेच्या लाल इशाऱ्याकडे पाठ फिरविणारा शेतकरी पूर्वजांचे अनुकरण करीत नाही. पूर्वज डोळे उघडे ठेवून आकाश पाहत होते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो श्रद्धेतून येतो. हा देवाचा कोप आहे, कलियुगाचे लक्षण आहे, असे पुष्कळ प्रवचनांतून आपण ऐकतो. पाऊस न पडला की देव पाण्यात ठेवावयाचे, अधिक पडला की शांती करावयाची, ही आपली रीत. या रीतीमागील शरणभाव आम्हांस पूज्य आहे. नृसिंहवाडीस कृष्णेचे पाणी चढून दत्तात्रेयाच्या गर्भगृहाच्या दक्षिणद्वारातून वाहू लागते, तेव्हा भाविक त्यास आपत्ती म्हणत नाहीत. दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि स्नानास धावतात. नदीला पाहुणी मानणारी याहून सुंदर कल्पना आम्हांस ठाऊक नाही. पण ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोळ तालुकाच पाण्याखाली गेला, माणसांना नावांतून बाहेर काढावे लागले; तेव्हा तो सोहळा उरला नव्हता. पाहुणीने मर्यादा का सोडली, हे विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. उलट, आपल्या हातचे कर्म देवाच्या नावावर टाकून मोकळे होणे, यास श्रद्धा म्हणता येईल काय? आपली भाषा संकटांचे ‘अस्मानी’ आणि ‘सुलतानी’ असे दोन भाग करीत आली. आता अस्मानीत सुलतानी मिसळली आहे. आणि दुर्दैव असे की, या सुलतानीत आपण सारेच थोडेथोडे वाटेकरी आहोत, तरी सर्वांचा वाटा सारखा नाही. परसवाड्याच्या रानातील बैगाने जाळला तो चुलीपुरता काटक्यांचा धूर. भोगावयाचे मात्र त्याला प्रथम.

आणि येथेच ‘मेघदूता’चा पहिला श्लोक आमच्या मदतीस येतो. यक्षाला शाप का झाला? आपल्या नेमून दिलेल्या कामात त्याने प्रमाद केला, हयगय केली, म्हणून. कवीने दुसरे कारण दिलेले नाही. त्या यक्षाचे एक शील आमच्या नजरेत भरते: शंभरावर श्लोक तो बोलतो, रडतो, विनवितो, पण आपल्या दुःखाचा दोष तो मेघावर ठेवीत नाही, आणि धन्यावरही आग पाखडीत नाही. प्रमाद आपला, हे तो जाणून आहे. आपल्या प्रवचनकारांनी कलियुगाऐवजी या एका शब्दाचे निरूपण केले, तर ते अधिक शास्त्रशुद्ध होईल आणि अधिक धार्मिकही.

फरक एकच आहे आणि तो जीवघेणा आहे. यक्षाच्या शापाला वर्षाची मुदत होती. कार्तिकी एकादशीस देव उठला की त्याची सुटका ठरलेली. आपण हवेत सोडलेल्या त्या वायूचा बराच भाग शतकानुशतके तेथेच राहावयाचा आहे. आज सारी धुराडी थांबली तरी तापलेले समुद्र लगेच निवणार नाहीत. आपल्या शापाची अखेर कोणत्याही एकादशीला ठरलेली नाही. पुढील प्रमाद टाळला तर तो अधिक वाढणार नाही, एवढेच आपल्या हाती आहे. ते थोडे नव्हे.

मग आमच्यासारख्या देवस्थानांच्या आश्रयाने जगणाऱ्या समाजाने करावे काय? मोठमोठे ठराव आम्हांस सुचत नाहीत. ‘मेघदूता’ने शिकविलेली एकच गोष्ट सुचते: दूत हवा. वरच्या खोऱ्यात पाऊस झाला, धरणाचे दरवाजे उघडले, की ते पाणी खालच्या गावी पोचण्यास काही काळ लागतो. निरोप त्याच्या आधी पोचू शकतो. पुण्याच्या त्याच हवामान संस्थेने विजेचा इशारा देणारी ‘दामिनी’ नावाची सोय भ्रमणध्वनीवर दिली आहे. पण शेतात वाकलेल्या बाईच्या हाती भ्रमणध्वनी नसतो. गावात सर्वांच्या कानी पडणारा आवाज देवळाच्या ध्वनिक्षेपकाचा. आरतीखेरीज त्यावरून दिवसातून एकदा वेधशाळेचा इशारा वाचला गेला, वीज कडाडू लागली की झाडाखालून निघा आणि पक्क्या छपराखाली या असे घंटा वाजवून सांगितले गेले, सभामंडपाची दारे त्या वेळी सर्व जातिजमातींच्या माणसांस उघडी राहिली, देवराईचे एकही झाड जीर्णोद्धाराच्या नावाखाली तुटले नाही, तर आमच्या मते ती पूजाच होय. महाकालाच्या सायंपूजेत मेघाने नगारा वाजवावा अशी कालिदासाची इच्छा होती. आता मेघ येत असल्याची वर्दी देवळाच्या नगाऱ्याने द्यावयाची आहे.

‘प्रथमदिवसे’ की ‘प्रशमदिवसे’, हा वाद पंडितांनी पुढेही अवश्य घालावा. आम्ही मल्लिनाथाच्या बाजूचे आहोत. पण परसवाड्याच्या खाचराच्या बांधावर उभी राहून आषाढात वर पाहणारी बाई त्या दोहोंपैकी कोणत्याच पाठावर आज विसंबू शकत नाही. मेघ उशिरा येईल, अवेळी येईल, आणि येईल तेव्हा किती आणील, हे तिला सांगता येत नाही. तरीही ती वर पाहते, कारण शेतीचे फळ अजून त्याच्याच स्वाधीन आहे. कालिदासाने तिच्या नजरेत प्रेम पाहिले होते. आज तीत भीती मिसळली आहे, आणि ती भीती मेघाने घातलेली नाही.